इथून थोडं घेऊ का?

मामा नक्की कुणाचे मामा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. सलूनमध्ये पहिल्यांदा आणलेली लहान मुलं खुर्चीत बसल्या बसल्या भोकाड पसरत, तेव्हा त्यांच्या आया समजूत घालत, "अरे, मामा आहे तो, काही करणार नाही." त्या मुलांना दाढ्यामिशा फुटल्या तरी मामा मामाच राहिले. मग मुलांचे वडील मामा म्हणू लागले, पलीकडचा इस्त्रीवाला म्हणू लागला, आणि शेवटी त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, म्हणजे घरातला खराखुरा मामा, तोही त्यांना मामाच म्हणू लागला. त्यामुळे बायको आपोआप मामी झाली. "माझ्या भावाची मी मामी कशी होईन?" असं ती अधूनमधून विचारत असे. उत्तर कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे नाव टिकलं.

सलून म्हणजे एक लांबट खोली. समोर भिंतभर आरसा, त्यापुढे दोन खुर्च्या, त्यातली एक वरखाली होणारी आणि दुसरी कधीकाळी होत असलेली. मागे गिऱ्हाइकांसाठी बाक. केस कापून झाले की मामा गळ्याचं कापड झटकत, हातआरसा डोक्यामागे धरत आणि विचारत, "ठीक?" आणि समोरचा माणूस स्वतःचं मागचं डोकं, जे त्याने महिनाभर पाहिलेलं नसे, सभ्यपणे न्याहाळून म्हणे, "छान." मागे खड्डा पडलेला असो की एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर गेलेला असो, छानच. मग तो बाहेर पडे, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या कुठल्यातरी गाडीच्या काचेत वाकून बघे आणि दोन्ही हातांनी केस विस्कटून आपल्या मनासारखे करून घेई. मामांना हे सगळं दुकानाच्या दारातून दिसत असे.

"त्या गाडीच्या काचेला जे कळतं ते मला कळत नाही," मामा घरी म्हणत.

"मला विचारा, मी सांगते," मामी म्हणे, आणि सांगतही असे. पण घरच्या मताला मामा मत धरत नसत. घरचं मत म्हणजे हवामान, ते असतंच.

कॅमेरा त्यांच्याकडे आला तो भाच्यामुळे. त्याने नवा घेतला आणि जुना मामांच्या गळ्यात घातला. मामा फोटो काढू लागले आणि काही दिवसांनी लक्षात आलं, की त्यांच्या फोटोंतली सगळी माणसं पाठमोरी आहेत. बाकावर बसलेले म्हातारे, रांगेतल्या बायका, शाळेच्या फाटकातून आत जाणारी पोरं, सगळ्यांच्या मानाच माना. जन्मभर माणसाच्या मागे उभं राहिलेल्याला दुसरं काय दिसणार? हे फोटो त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवले. गिऱ्हाइकं म्हणाली, "छान."

मग कुणीतरी त्यांना रविवारच्या मंडळाचा पत्ता दिला.

हे मंडळ हौशी फोटोवाल्यांचं. ते जमायचं दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, कारण डॉक्टर स्वतःच हौशी होत्या आणि रविवारी सकाळी त्यांचा दवाखाना रिकामा असे. बाहेरच्या खोलीत पेशंटसाठी ओळीने जोडलेल्या खुर्च्या होत्या. भिंतीवर दाढेचं मोठं रंगीत चित्र होतं, त्यावर चिमट्यांनी फोटो लावायचा. मग सगळ्यांनी त्याबद्दल बोलायचं. या बोलण्याला मंडळात तपासणी म्हणत. ज्याचा फोटो, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि दातांच्या दवाखान्यात तोंड न उघडण्याचा हा एकमेव प्रसंग, असं डॉक्टर नव्या माणसाला आवर्जून सांगत. बाकीच्यांनी नजर आधी कुठे गेली, कुठे अडखळली आणि काय केलं तर अडखळणार नाही, ते सांगायचं. एकाचं आटोपलं की डॉक्टर सवयीने म्हणत, "पुढचा." एकदा भूगोलाचे सर फारच लांबले, तेव्हा त्यांच्या तोंडून "आता चूळ भरा" असंही निघून गेलं होतं.

हे सर निवृत्त झाले होते, पण भूगोलातून नव्हे. फोटोलाही ते दिशा लावत. "वायव्येला अंधार फार आहे," "आग्नेयेकडून हा हात कुणाचा घुसलाय," असं ते छत्रीचं टोक रोखून सांगत. त्यांनी एखाद्याची बिनपाण्याने करायला घेतली की बाकीचे पायांकडे बघत. मामांच्या पहिल्या फोटोला ते म्हणाले होते, "या गृहस्थांना तोंड आहे, की दक्षिण गोलार्धाप्रमाणे ते आपल्याला दिसायचंच नाही?" मग मान छान उजळली असली तरी त्या माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, क्षितिज कलंडलंय, पायाची बोटं कापली गेलीत, असं एकेकाने सांगितलं. मामा घरी आले ते शीळ घालत.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"चुकाच चुका निघाल्या," मामा म्हणाले. बक्षीस मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

तेव्हापासून मामांनी एक रविवार चुकवला नाही. ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण होती ती देण्यात. दुसऱ्याचा फोटो लागला आणि मामांची पाळी आली की ते पुढे वाकून बराच वेळ बघत, त्यांना सगळं दिसे, आणि मग म्हणत, "छान आहे." खुर्चीतल्या माणसाला वाईट सांगायचं नाही, आणि हातात वस्तरा असताना तर मुळीच नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. "मामांचं झालं," सर म्हणत, "पुढे." सगळे हसत, मामाही हसत. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग सिस्टर आल्या. त्या मोठ्या इस्पितळात वॉर्डच्या सिस्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. ताठ कणा, पांढरा रुमाल, आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याने आपोआप जीभ बाहेर काढावी. पण फोटोच्या बाबतीत त्या अगदी कच्च्या होत्या आणि ते त्यांना ठाऊक होतं. एका रविवारी दवाखान्याच्या जिन्यातच त्यांनी मामांना गाठलं. सगळ्यांमध्ये मामांचा चेहरा त्यांना मवाळ वाटला असावा. पिशवीतून त्यांनी एक छोटा फोटो काढला. त्यांची थोरली बहीण, ताई, स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती आणि खिडकीतला उजेड तिच्या हातांवर पडला होता.

"मामा, खरं सांगा. कसा आहे?"

मामांनी पाहिलं. हात सुरेख आले होते. आणि डावीकडे, अर्धा फोटो व्यापून, एक फ्रिज उभा होता. त्याच्या दारावर कॅलेंडर होतं आणि मुठीला निळी प्लास्टिकची पिशवी लटकत होती. मामांची नजर आधी पिशवीवरच गेली होती. त्यांनी मान वर केली. सिस्टर वाट बघत होत्या.

"छान आहे," मामा म्हणाले.

सिस्टरांचा चेहरा एकदम उजळला. पंधरवड्यातच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मंडळाचं प्रदर्शन भरायचं होतं, प्रत्येकाचा एक फोटो. सिस्टरांनी तोच फोटो मोठा करून घेतला, चांगला हातभर रुंद. ताईला आमंत्रण दिलं. ताईने शेजारणीला दिलं. आणि प्रदर्शनाआधीच्या रविवारी शेवटच्या तपासणीसाठी त्यांनी तो दाढेच्या चित्रावर लावला. दाढ पार झाकली गेली.

सर उठले. छत्री रोखली. "पूर्वेला बाई आहेत, उजेड आहे, सगळा प्रदेश रम्य आहे," ते म्हणाले. "पण पश्चिमेला ही पर्वतरांग कसली?"

हशा पिकला. सरांच्या बोलण्यात विष नव्हतं, आणि सिस्टरही आधी हसल्याच. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, आणि बहुधा पहिल्यांदाच त्यांना फ्रिज दिसला. आपल्या घरातला फ्रिज कुणाला दिसतो? डॉक्टर बोलल्या, पिशवीबद्दल. मामांची पाळी आली. मामांनी घसा खाकरला आणि मानेनेच पाळी पुढे ढकलली. नियमाप्रमाणे आता सिस्टरांनी बोलायचं होतं. त्या फोटोबद्दल बोलल्या नाहीत.

"मामा, त्या दिवशी जिन्यात तुम्हाला फ्रिज दिसला नव्हता?"

नाही म्हणायची सोय होती. मामा म्हणाले, "दिसला होता."

"पिशवी?"

"तीच आधी दिसली."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सिस्टरांनी चिमटे काढून फोटो खाली घेतला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मी जन्मभर वॉर्डात माणसांना सांगत आले, काही नाही, बरं वाटेल आता. माझं ते कामच होतं. इथे मी येते ती कुणी मला पेशंट समजू नये म्हणून." आणि त्या निघून गेल्या. डॉक्टरांनाही "पुढचा" म्हणायचं सुचलं नाही.

मामा त्या दिवशी शीळ न घालता घरी आले. मामीने सगळं काढून घेतलं. तिला वाईट वाटलं, पण आधी तिला जे म्हणायचं होतं ते तिने म्हणून घेतलं. "लोकांचे केस कापता ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण त्या बाईचा तुम्ही केसाने गळा कापलात."

खरं बोलणारी माणसं मिळावीत म्हणून मामा त्या खोलीत जात होते, आणि त्या खोलीत खोटं बोललेला माणूस एकच, तोही आपण, हे त्यांना घास गिळताना टोचत होतं. सिस्टर परत आल्या नाहीत तर त्या खुर्च्यांच्या ओळीत बसायला आपल्याला तोंड उरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. सिस्टरांनी मोजकंच सांगितलं, की प्रदर्शनातून त्या नाव काढून घेणार आहेत आणि ताईला काय सांगायचं त्याचा विचार चालू आहे.

"तुम्ही दुकानात या," मामा म्हणाले. "फोटो घेऊन या. मी तपासतो."

"तुम्ही?"

"मी."

"दुपारी येते," सिस्टर म्हणाल्या. "पण छान म्हणालात, तर आल्या पावली परत जाईन."

दुपारी सलूनमध्ये एकच गिऱ्हाईक होतं. डोक्याला कलप थापून, तो सुकण्याची वाट बघत, एक गृहस्थ बाकावर आडवे झाले होते. त्यामुळे सिस्टरांना बसायला खुर्चीच उरली. वरखाली होणारी. पुरुषांच्या सलूनमध्ये इतकं ताठ बसलेलं माणूस त्या आरशाने कधी पाहिलं नसेल. मामांनी फोटो आरशाला टेकवून उभा केला आणि सवयीप्रमाणे खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले.

एकदोनदा त्यांनी "म्हणजे" म्हटलं, एकदा "तसं बघायला गेलं तर" म्हटलं. सिस्टर आरशातून त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी मामांनी कात्री उचलली. तिला हवेतल्या हवेत कचकच चालवल्याशिवाय त्यांना आजवर कुणाशी बोलताच आलेलं नव्हतं. कात्री सुरू झाली आणि जीभ सुटली.

ते म्हणाले, की या फोटोतली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ताईंचा अंगठा. शेंग आत्ता फुटतेय, अजून फुटलेली नाही, आणि अंगठ्याच्या नखावर उजेड आहे. ते म्हणाले, की हे हात त्यांना रात्री झोपेपर्यंत आठवत होते. पण तिथवर पोचायला पिशवीच्या घरावरून जावं लागतं, आणि पिशवी जाऊ देत नाही. निळा रंग हाका मारतो. कॅलेंडर दिसलं की माणूस वाचायला लागतो. मटार राहतात बाजूला.

"फ्रिज कुठल्या कंपनीचा?" बाकावरून कलपवाले गृहस्थ म्हणाले.

"बघा," मामा म्हणाले. "यांना तिथूनही फ्रिजच दिसला."

सिस्टरांच्या ओठांची कड हलली. "मग काय करायचं?"

आता मामांना रस्ता सापडला होता. आयुष्यभर माणसांना ते एवढं एकच वाक्य तर खरं बोलत आले होते, आणि ते वाक्य खरं आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते पुढे झाले, डाव्या हाताचं बोट फोटोवर उभं धरलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "इथून थोडं घेऊ का?"

"घ्या," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या मनात होतं, की मामा हाताने तेवढा भाग झाकून दाखवतील. पण "घ्या" हा शब्द त्या खुर्चीतून आला होता, आणि मामांचा उजवा हात मामांना विचारून चालत नसे. कच्च. एका लयीत, वरपासून खालपर्यंत, सरळ रेषेत. कॅलेंडर, पिशवी आणि अख्खा फ्रिज खाली केसांत जाऊन पडला.

"गेला फ्रिज," कलपवाले म्हणाले.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कात्रीकडे असं पाहिलं, की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. ते सॉरी म्हणू लागले, पैसे भरून देतो म्हणू लागले, स्टुडिओवाल्याला आत्ता फोन करतो म्हणू लागले. सिस्टरांनी हात वर केला. वॉर्डातला हात असणार तो, कारण मामा ताबडतोब गप्प झाले.

"सॉरी नंतर. आधी मला बघू द्या."

त्या पुढे वाकल्या. मागे रेलल्या. डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाल्या, "मामा, जास्त घेतलंत."

"काय?"

"जास्त घेतलंत. ताईचं कोपर गेलं. फ्रिज जायलाच हवा होता, ते बरोबर आहे तुमचं. पण कोपराशिवाय तो हात आलाय कुठून? अधांतरी लटकतोय. इथे दोन बोटं जागा हवी होती." त्यांनी दोन बोटं कडेला टेकवून दाखवली. "थोडं म्हणालात आणि एवढं कापलंत."

मामा खुर्चीमागे उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत होतं. त्या खुर्चीत बसून, त्या आरशात बघून, जास्त घेतलंत असं त्यांना आजपर्यंत एकाही माणसाने तोंडावर सांगितलेलं नव्हतं. सगळे कोपऱ्यावर जाऊन गाडीच्या काचेला सांगत.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी म्हणजे?"

"आणखी काय चुकलं?"

"रेषा सरळ आहे," सिस्टर म्हणाल्या. "तेवढं मात्र मानलं." आणि मग त्या हसायला लागल्या. आधी रुमाल तोंडाशी धरून, मग रुमाल बाजूला ठेवून. मामाही हसू लागले. कलपवाल्यांनाही हसू आवरेना, त्यांच्या कपाळावरून काळा ओघळ नाकापर्यंत आला, तो पुसायला दोघेही एकदम धावले, आणि नाक नंतर बरेच दिवस तरुण दिसत होतं म्हणतात.

स्टुडिओत जाऊन दोघांनी नवा फोटो करून घेतला. दोन बोटं जागा पुरेल की दीड, यावर तिथे त्यांची जी वादावादी झाली, ती ऐकून स्टुडिओवाल्याने स्वतःसाठी चहा मागवला. शेवटी दोन ठरली.

प्रदर्शनात फोटो खिडकीशेजारच्या भिंतीवर लागला. लोक त्याच्यापुढे थांबत होते आणि बोलायचं कमी करत होते. सरांनी छत्री काखेतच ठेवली आणि म्हणाले, की आता या प्रदेशात राहायला जायला हरकत नाही. ताई शेजारणीला घेऊन आली. चष्मा लावून तिने स्वतःचे हात पाहिले, शेजारणीला दाखवले. मग ती धाकट्या बहिणीकडे वळली.

"आणि फ्रिज कुठे गेला?"

"काढला," सिस्टर म्हणाल्या.

"काढला? नवा आहे तो. तू फोटो काढणार म्हणून सकाळी उठून पुसला मी. हिला तोच दाखवायला आणलं ना." शेजारणीनेही मान हलवली, तिची निराशा लपत नव्हती. "हातांचं काय, हात काय रोजचेच आहेत."

मामा जवळच उभे होते. ताईने त्यांना विचारलं, की तुम्ही यातले जाणकार दिसता, तुम्हीच सांगा, फ्रिज हवा होता की नको. सिस्टर मामांकडे बघत राहिल्या.

"नको होता, ताई," मामा म्हणाले. "फ्रिज चांगला आहे. पण तुमच्या हातांपुढे उभं राहायची त्याची लायकी नाही."

ताई जरा विचारात पडली. मग तिने पदर सावरल्यासारखा चष्मा सावरला आणि पुन्हा फोटोपाशी गेली, या खेपेला एकटीच.

पुढच्या रविवारी दवाखान्यात सगळे जमले. सिस्टर आल्या होत्या आणि नेहमीपेक्षा एक खुर्ची पुढे बसल्या होत्या. मामांनी आपला फोटो लावला. बसच्या खिडकीशी बसलेला एक म्हातारा, पाठमोराच, पण या वेळी काचेत त्याचा चेहरा पुसटसा उतरला होता. मामांना तो मनापासून आवडला होता, म्हणून ते जास्तच घाबरले होते. सर बोलले. डॉक्टर बोलल्या. मग सिस्टर उठल्या.

त्या म्हणाल्या, मान बघितली की माणूस दमलेला कळतो, आणि काचेतला चेहरा बघितला की तो घरी निघालाय हे कळतं, आणि हे दोन्ही एका फोटोत आणणं सोपं नाही. मामांनी श्वास सोडला. मग सिस्टर म्हणाल्या, "आता खालून सुरुवात करते," आणि केली. सीटचा दांडा, शेजारच्याची पिशवी, काचेवरचा बोटांचा ठसा, एक पाऊल डावीकडे सरकले असते तर काय झालं असतं, अर्धा क्षण थांबले असते तर काय दिसलं असतं. एकेक गोष्ट त्या पांघरुणाच्या घडीसारखी उलगडून, चापून ठेवत होत्या. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, "पुढचा."

ज्याचा फोटो, त्याने तोंड उघडायचं नाही, हा मंडळाचा नियम. मामांनी तो मोडला.

"थांबा हो डॉक्टर," ते खुर्ची पुढे ओढायला गेले, ती ओळीला जोडलेली होती, म्हणून स्वतःच उठून फोटोजवळ जाऊन उभे राहिले. "त्यांचं अजून संपलेलं नाहीये."